चूक ऑपरेटरची की मशीनची? एका पानाच्या चिठ्ठीची शंभर वर्षं

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मसुदा. ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

विरार लोकलच्या दारात लटकून ऐकत असाल तर आधी जरा आत सरका, मग ऐका. कारण आजची गोष्ट थोडी लांबची आहे. शिकागोपासून कोलकाता, तिथून टोकियो, मग कांदिवली आणि शेवटी आपलं वसई पूर्व.

सुरुवात मात्र वसईपासूनच करू.

गेल्या पावसाळ्यात मामानं मला त्याच्या गाळ्यावर बोलावलं. वसईकरांना गाळा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात इंडस्ट्रियल इस्टेटींच्या रांगाच्या रांगा आहेत. एकाला एक लागून गाळे. एकात प्लास्टिक मोल्डिंग, शेजारी पॉवर प्रेसचा धडधडाट, पलीकडे कुणी पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतंय. मामाकडे दोन सीएनसी लेथ आहेत. काम सगळं जॉबवर्कचं. पार्टी मटेरियल आणि ड्रॉईंग देते, मामा टर्निंग करून माल परत पाठवतो.

त्या वेळचा माल होता स्टीलचे बुश. बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, आणि सूट फक्त २० मायक्रॉन वर किंवा खाली. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. २,००० पिसांचा लॉट गेला आणि त्यातले १४० रिजेक्ट होऊन परत आले. सोबत डेबिट नोट. मामाचा पारा चढलेला.

"रात्रपाळीवाल्याचं लक्ष नसतं," मामा म्हणाला. "या महिन्यात त्याच्या पगारातून कापणार. तू बीटेक आहेस ना? मग कुणाच्या पाळीत किती पीस गेले ते एक्सेलमध्ये बसव. आकडे समोर ठेवले की तो गप्प बसेल."

म्हणजे मला बोलावलं होतं ते पुरावा तयार करायला. आणि खरं सांगतो, पुरावा तयारही झाला. १४० पैकी ९२ पीस रात्रपाळीचे, ४८ दिवसपाळीचे. जवळजवळ दुप्पट. एक्सेलमध्ये दोन खांब काढले, लाल आणि निळा. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, चोर सापडला.

पण त्या रात्री घरी येऊन मी यावर वाचायला बसलो, आणि वाचता वाचता शंभर वर्षं मागे गेलो.

१९२४: एका पानाची चिठ्ठी

शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या टेलिफोन जाळ्याला लागणारी सामग्री तिथे बनायची. एकदा बसवलेली वस्तू बिघडली की दुरुस्तीला माणूस पाठवायचा, म्हणजे खर्चच खर्च. त्यामुळे माल चांगला हवा. त्यासाठी त्या काळातला उपाय एकच होता, तपासनीस. माल बनला की तपासायचा, चांगला इकडे, वाईट तिकडे. वाईट निघाला की बनवणाऱ्याला झापायचं. आमच्या मामाचीच पद्धत, फक्त मोठ्या प्रमाणावर.

तिथे वॉल्टर शूहार्ट नावाचा एक तरुण काम करत होता. शिकलेला भौतिकशास्त्र, नोकरी कारखान्यात. १६ मे १९२४ ला त्यानं आपल्या साहेबाला एक चिठ्ठी दिली. जेमतेम एक पान, आणि त्यातही बराच भाग एका साध्या आकृतीनं व्यापलेला. मधे एक आडवी रेघ, वर एक, खाली एक, आणि त्यात ठिपके. याच आकृतीला पुढे कंट्रोल चार्ट म्हणू लागले. आपण नियंत्रण आलेख म्हणू.

आता गंमत काय आहे ते समजून घ्या. हातात कागद-पेन असेल तर 'अ' लिहा. आता त्याच्या शेजारी अगदी तसाच दुसरा 'अ' लिहा. मग तिसरा. जमतंय? नाही जमत. कितीही जपून लिहा, प्रत्येक अक्षर थोडं वेगळंच येतं. शूहार्टनं १९३१ साली आलेल्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण दिलंय, अर्थात इंग्रजी अक्षराचं. हा फरक तुमचा निष्काळजीपणा नाही. तुमचा हात, पेन, कागद, बसायची पद्धत या सगळ्यांचा मिळून तेवढा फरक होणारच. पण लिहिता लिहिता कुणी तुमच्या कोपराला धक्का दिला, तर जे अक्षर येईल ते वेगळ्याच जातीचं असेल. त्याला कारण आहे, आणि ते शोधता येतं.

शूहार्टचं म्हणणं थोडक्यात एवढंच. मालात फरक पडतो तो दोन तऱ्हांनी. एक, रोजचा, सगळ्या व्यवस्थेतून येणारा. दुसरा, काहीतरी खास घडल्यामुळे आलेला. दुसऱ्या तऱ्हेचा फरक दिसला की लगेच उठून कारण शोधा. पहिल्या तऱ्हेचा दिसला तर एकेका पिसामागे धावू नका. तो कमी करायचा असेल तर व्यवस्थाच बदलावी लागेल: मशीन, मटेरियल, पद्धत. आणि ते मालकाच्या हातात असतं. कामगाराच्या नाही.

हे दोन प्रकार ओळखायचे कसे? नुसत्या नजरेनं ओळखता येत नाहीत, म्हणून तर त्या वर-खालच्या रेघा. दर तासाला ५ पीस उचला, मोजा. त्यांची सरासरी काढा, आणि सगळ्यांत मोठ्या-लहानातला फरक काढा. असे वीस-पंचवीस तास झाले की त्या फरकांची सरासरी घ्या आणि तिला ०.५७७ नं गुणा. हा आकडा पाच-पाचच्या गटासाठी ठरलेला आहे, पाठ करायची गरज नाही. जे उत्तर येईल तेवढं मधल्या रेघेच्या वर आणि खाली मोजून रेघा मारा. ठिपका आत असेल तर काम चालू द्या. बाहेर गेला तर थांबा आणि बघा. शाळेच्या गणितात होण्यासारखं काम आहे. कॅल्क्युलेटरही मोबाइलमध्ये आहेच.

ही चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. पेन्सिल आणि आलेखाचा कागद, बस.

शूहार्ट भारतात

ही पुढची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, आणि मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलोय.

१९३१ मध्ये शूहार्टचं पुस्तक आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. महालनोबिसही मूळचे भौतिकशास्त्राचे, आणि त्यांनाही आकडेशास्त्र कागदावरून उचलून शेतात, नदीत, कारखान्यात न्यायचं होतं. तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीनं कसा काढायचा, यावर त्यांनी केलेलं काम जगभर गाजलं.

याच संस्थेच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये शूहार्ट स्वतः भारतात आला. तारीख लक्षात घ्या. स्वातंत्र्य मिळून काही महिने झालेले, फाळणीच्या जखमा ओल्या. आणि अशा काळात तो देशभर फिरून, परिषदा घेऊन उद्योजकांना सांगत होता, की माल बनल्यावर तपासण्यापेक्षा बनतानाच त्याच्यावर लक्ष ठेवा.

पुढे १९५३ पासून संस्थेनं कारखान्यांना प्रत्यक्ष मदत करायला गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं सुरू केली. त्या पहिल्या केंद्रांमध्ये मुंबई होती. म्हणजे ज्या ज्ञानाला आपण आज जपानी ज्ञान म्हणतो, ते मुंबईच्या दाराशी सत्तर वर्षांपूर्वी येऊन उभं होतं.

इथे एक घोळ आधीच सोडवतो. भारतीय सांख्यिकी संस्थेचं इंग्रजी संक्षिप्त नाव आयएसआय. आणि आपल्या घरातल्या प्रेशर कुकरवर, हेल्मेटवर जो आयएसआय मार्क असतो, तो वेगळा! ती भारतीय मानक संस्था, १९४७ ची, आताची बीआयएस. शिक्क्याचा कायदा १९५२ चा. दोन संस्था, नाव एकच, काम वेगवेगळं. एक सांगत होती, वस्तू ठरलेल्या मापात बसते का ते बघा आणि शिक्का मारा. दुसरी सांगत होती, वस्तू बनते कशी ते बघा आणि आलेख काढा. दोन्ही गोष्टी लागतात, यात वाद नाही. पण घराघरांत पोचला तो शिक्का. आलेख फार थोड्या कारखान्यांत पोचला.

मग जपाननं काय वेगळं केलं?

शूहार्टचा एक चाहता होता, त्याच्याहून वयानं लहान, एडवर्ड्स डेमिंग. हाही भौतिकशास्त्रातून आकडेशास्त्रात आलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं हजारो लोकांना ही तंत्रं शिकवली, त्यात डेमिंगचा मोठा हात होता. पण युद्ध संपलं, बाजारात काहीही बनवलं तरी खपायला लागलं, आणि अमेरिकन कंपन्या ते शिक्षण हळूहळू विसरल्या. डेमिंगच्या मते चूक स्पष्ट होती. त्यांनी इंजिनिअर आणि तपासनीस यांना शिकवलं, पण मालक लोक वर्गाबाहेरच राहिले.

१९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघटनेनं डेमिंगला व्याख्यानांसाठी बोलावलं. या वेळी कंपन्यांच्या प्रमुखांना समोर बसवून त्यानं त्यांना सांगितलं. पुढच्याच वर्षी, १९५१ ला, जपाननं त्याच्या नावानं डेमिंग पारितोषिक सुरू केलं. पण नुसत्या व्याख्यानानं देश बदलत नाही. जपानकडे कच्चा माल नव्हता, घरची बाजारपेठ उद्ध्वस्त झालेली, निर्यात केल्याशिवाय पोट भरणार नव्हतं, आणि 'मेड इन जपान' म्हणजे तकलादू माल अशी जगभर बदनामी. पीस वाया घालवणं त्यांना परवडतच नव्हतं. म्हणून मालकांनी ऐकलं, आणि मग ते काम शॉप फ्लोअरवरच्या कामगारापर्यंत नेलं. त्याच्या हातात पेन्सिल दिली, आलेख त्यानंच भरायचा.

आपल्याकडे उलट होतं. उद्योगांना लायसन्स लागायचं, आयातीवर बंधनं, स्पर्धा नावाला. बजाज चेतक १९७२ ला आली. स्कूटर बुक केली की कित्येक वर्षांनी हातात यायची. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना कोण कशाला मायक्रॉनचा हिशेब करेल? मी कुणाला दोष देत नाहीये. माणसं तीच होती, व्यवस्था तशी होती. शूहार्टचाच नियम देशाला लावून बघा.

अपवाद होते, आणि ते सांगायलाच हवेत. सुमंत मुळगावकर हे नाव ऐकलंय? मुंबईत जन्मलेले इंजिनिअर, टेल्कोचे प्रमुख, आताच्या टाटा मोटर्सचे. साठच्या दशकात पुण्याला पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाना उभारताना ट्रक बाहेर काढायची घाई त्यांनी केली नाही. आधी कामगारांचं प्रशिक्षण, आधी टूल्स आणि मशीन बनवायची क्षमता, मग गाड्या. स्पर्धा नसतानाही एखादा माणूस हे करू शकत होता. पण एखादाच.

पन्नास वर्षांचा वळसा

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. सुझुकीसोबत जपानी पद्धतीही आल्या. साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश, एकच कॅन्टीन, आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांनाही मापाची शिस्त. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि आपल्या कारखान्यांना पहिल्यांदा कळलं की रांग संपली आहे.

१९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलं. आणि २००३ मध्ये ते मिळालं महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला. जगातल्या कुठल्याही ट्रॅक्टर कंपनीला तोवर ते मिळालं नव्हतं. चार वर्षांनी, २००७ ला, त्याच्याही वरचं जपान क्वालिटी मेडल. या विभागाचं जुनं ठाणं कुठे? कांदिवली! आपल्याच वेस्टर्न लाइनवर. आज जपानबाहेर सगळ्यात जास्त डेमिंग पारितोषिकं भारतीय कंपन्यांकडे आहेत.

आता हिशेब करा. शूहार्ट स्वतः भारतात आला १९४७-४८ ला. त्याच्या विचाराचं नाव असलेलं पारितोषिक आपल्याकडे आलं १९९८ ला, टोकियोमार्गे. पन्नास वर्षांचा वळसा.

आणि वळसा घेऊन आल्यावरही आपल्याला शिक्क्याचं वेड आहेच. डबेवाल्यांचं उदाहरण घ्या. "मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा सर्टिफिकेट आहे," हे वाक्य तुम्ही व्हॉट्सअॅपवर किमान दहा वेळा वाचलं असेल. सिक्स सिग्मा ही मोटोरोला कंपनीत १९८६ च्या सुमारास सुरू झालेली पद्धत. दहा लाखांत ३.४ च्या वर चुका नकोत, असं तिचं माप. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर लेख आला, त्यात त्यांच्या चुका किती कमी होतात ते लिहिलं होतं. त्यावरून पुढे लोकांनीच 'सिक्स सिग्मा' लावून टाकलं. असं सर्टिफिकेट कुणी त्यांना दिलेलं नाही. पण त्यांचं काम सर्टिफिकेटपेक्षा बघण्यासारखं आहे. झाकणावरचे रंग आणि अक्षरं, म्हणजे कुठून उचललं, कुठल्या स्टेशनला उतरवायचं, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर. प्रत्येक टप्प्यावर डबा पुढच्या माणसाकडे जातो आणि चूक झाली तर तिथल्या तिथे कळते. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था. आपण मात्र कौतुक करतो ते नसलेल्या शिक्क्याचं.

पुन्हा गाळ्यावर

तर हे सगळं वाचून मी दुसऱ्या दिवशी मामाकडे गेलो. म्हटलं, "मामा, पगार कापायचा तर महिनाअखेरीला काप. मला दोन आठवडे दे."

"आणि तोवर अजून पीस गेले तर?"

"तर माझ्याकडून घे."

तो हसला, पण हो म्हणाला.

मी आधी काय करणार होतो माहितीये? अ‍ॅप बनवणार होतो. सवयच ती. मग शूहार्टची पेन्सिल आठवली. स्टेशनरीच्या दुकानातून आलेखाचे कागद आणले, मशीनशेजारी भिंतीला चिकटवले. दोन्ही ऑपरेटरांना सांगितलं, दर तासाला ५ पीस मोजा आणि ठिपका मारा. रात्रपाळीवाले दादा वयानं मामाएवढे असतील, नालासोपाऱ्याहून येतात. त्यांना वाटलं हे त्यांना पकडायचंच काम आहे. आणि खरं म्हणजे, सुरुवात तशीच झाली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी आकृती बोलायला लागली. रात्रपाळीचा पहिला ठिपका जवळजवळ रोज रेघेबाहेर. दिवसपाळीचा पहिला ठिपकाही तसाच, पण कमी वेळा. आणि शनिवारी तर दोघांचेही. आमच्या गाळ्याला आठवड्याची सुट्टी शुक्रवारची असते.

मी दादांना विचारलं, "सुरुवातीलाच असं का होतं?"

ते म्हणाले, "मशीन थंड असतं ना. गरम झालं की माप सरकतं. अर्ध्या तासात बसतं जागेवर."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"बारा वर्षं मशीन चालवतोय. कुणी विचारलं नाही."

दिवसपाळी संपून रात्रपाळी सुरू होईपर्यंत मधे दोन तास मशीन बंद राहायचं. सकाळी मात्र मामा स्वतः लवकर येऊन मशीन चालू करून ठेवायचा, चहा होईपर्यंत ते गरम झालेलं असायचं. दिवसपाळीला हा फायदा आपोआप मिळत होता. फक्त शनिवारी मामा पार्टीकडे जायचा, त्या दिवशी दिवसपाळीचंही तेच व्हायचं.

पण एवढ्यानं ९२ पीस जात नाहीत. दुसरं कारण मला त्यांच्या शेजारी रात्री दोन तास बसल्यावर दिसलं. दादा प्रत्येक पीस मोजत होते. चार मायक्रॉन जास्त आलं की ऑफसेटमध्ये चार कमी करायचे. पुढचा पाच कमी आला की पाच वाढवायचे. एकेका पिसामागे सुधारणा. बघायला किती काळजीपूर्वक वाटतं!

डेमिंग याचंच प्रात्यक्षिक व्याख्यानांत दाखवायचा. टेबलावर एक खूण, वर नरसाळं, त्यातून गोटी सोडायची. गोटी खुणेच्या थोडी इकडे तिकडे पडणारच. नरसाळं जागेवर ठेवलं तर गोट्या खुणेभोवती जमतात. पण प्रत्येक गोटीनंतर चुकलं तेवढं नरसाळं उलट्या बाजूला सरकवत गेलात, तर गोट्या आणखी दूरवर पसरतात. गणित सांगतं की पसारा सुमारे १.४ पट होतो. आमच्या मशीनचा स्वतःचा नैसर्गिक पसारा मी काढला, तो होता साधारण १५-१६ मायक्रॉन वर आणि खाली. सूट २० ची. म्हणजे हात न लावता मशीन मापात राहू शकत होतं. १.४ पट केलं की २२ होतात, आणि पीस सुटीबाहेर जायला लागतात.

मी विचारलं, "दादा, प्रत्येक पिसाला ऑफसेट का बदलता?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी शेठ ओरडतात ना. काही केलं नाही असं वाटायला नको."

मंडळी, मी ही गोष्ट रेकॉर्ड का करतोय, ते याच उत्तरासाठी. मामा ओरडायचा म्हणून दादा जास्त काळजी घ्यायचे. जास्त काळजी घ्यायचे म्हणून पीस जास्त जायचे. पीस गेले म्हणून मामा आणखी ओरडायचा. पगार कापला असता तर पुढच्या महिन्यात दीडशे गेले असते. डेमिंग आयुष्यभर मालकांना सांगत राहिला की कारखान्यातून भीती घालवा. मला आधी वाटायचं ते माणुसकीचं बोलणं आहे. आहेच. पण त्यात मायक्रॉनचाही हिशेब आहे.

मामाला खात्री हवी होती. म्हणून एक आठवडा दोघांच्या पाळ्या बदलल्या, दिवसवाला रात्री, दादा दिवसा. दिवसवाल्याचा रात्रीचा आलेख अगदी दादांसारखाच आला. पहिला ठिपका बाहेर. आणि सकाळी मामा येणार या धास्तीनं ऑफसेटला हात घालणंही तसंच! मामा भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "मग कापायचा कुणाचा? माझा?"

आता नियम तीनच आहेत. पाळी सुरू होण्याआधी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवायचं. ठिपका रेघेबाहेर गेला तरच ऑफसेटला हात. आणि बाहेर गेला तर मामाला फोन, रात्री दोन वाजले तरी. फोन केल्याबद्दल कुणी ओरडणार नाही. दादांचा पगार पूर्ण मिळाला. पुढच्या लॉटला २,००० पैकी ३१ पीस गेले. शून्य झाले नाहीत. इन्सर्ट झिजण्याचं गणित अजून नीट बसलेलं नाही आणि मटेरियल कधी कधी कडक येतं, ते पार्टीशी बोलायला हवं. पावसात लाइट गेली की सगळं पुन्हा थंड होतं, ते वेगळंच.

आणि हो, आलेख रोज भरला जात नाही. डिलिव्हरीची घाई असली की दोन-दोन दिवस कोरे जातात. मामा म्हणतो, एवढं कुणाला जमतं? आता सरकारची झेड नावाची योजना आहे, लहान उद्योगांसाठी, दोष शून्य आणि पर्यावरणाला त्रास शून्य, ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड अशी प्रमाणपत्रं देणारी. मामाला ब्राँझ हवंय, ऑफिसात लावायला. मी म्हटलं, घे की. फक्त ते प्रमाणपत्र मशीनवरच्या कागदाच्या जागी लावू नकोस.

माझ्या कामातही हे मला आता जिथे तिथे दिसतं. सर्व्हर एकदा हळू झाला की मीटिंग, कोड कुणाचा होता, शोधा त्याला. कुणी विचारत नाही की हा रोजचा फरक आहे की खास काही घडलंय. तुम्ही दुकानात असा, दवाखान्यात, बँकेत, तुमच्याकडेही एखादा लाल-निळा खांबांचा तक्ता असेलच, आणि त्यात कुणाचा तरी लाल खांब उंच असेल. त्याचं नाव घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी दोन तास बसा. त्याला काय माहीत आहे ते विचारा. बारा वर्षं कुणी विचारलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी गाळा चालवत असेल किंवा कुणी मशीनवर उभं राहत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर दारात लटकू नका!